तिसरं पाणी

३ मार्च

आत्या,

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आमच्या या खोलगट जागेत फोन लागतही नाही, म्हणून दूधवाल्याच्या हाती चिठ्ठी पाठवतेय. तो रोज तुमच्या बाजूने येतो आणि परत जातो. उत्तर त्याच्याकडेच दे.

मला भीती वाटतेय, आत्या.

काल सकाळी टाकीवरची जाळी उचलली तर पाणी पांढरं दिसलं. वाटलं, फेस आहे. हात घातला तर मासे. बोटाएवढी झालेली पिल्लं, ज्यांना आम्ही बोटुकली म्हणतो, पोटं वर करून तरंगत होती. जी जिवंत होती त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पाण्याबाहेर तोंड काढून धडपडायची, मग एकदम ताठ व्हायची, मग गोल गोल फिरायची, कुणी दोरीने ओढल्यासारखी. अंगावर जखम नाही, बुरशी नाही. रोग असता तर मी ओळखला असता. इतकी वर्षं मासे वाढवतेय, त्यांच्या दुखण्यांशी माझी ओळख आहे. हे दुखणं अनोळखी आहे.

मोठ्या दोन्ही टाक्या अशाच गेल्या. आता शेवटची उरलीय. मालक जाळीकडे बघत म्हणाले, "ही गेली की कुलूप." कुलूप म्हणजे माझं कामही गेलं आणि टाकीशेजारची ही खोलीही गेली, तुला माहीतच आहे.

आमचं पाणी ओढ्याचं. तो तुझ्या वाचनालयाच्या मागून निघतो, रंगाऱ्याच्या शेडवरून येतो आणि आमच्या झडपेशी वळतो. वरच्या अंगाला काही नवीन घडलंय का? तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून विचारते.

ठकी


५ मार्च

ठके,

घाबरायचं ते ज्यांनी हे केलं त्यांनी. तू कशाला?

गेल्या सभेत मी रस्त्यावरचं एक सिगारेटचं थोटूक उचललं आणि विचारलं, हे टोकाचं पांढरं काय आहे? सगळे एका सुरात म्हणाले, कापूस. कापूस! अरे, शिकलेली माणसं ना तुम्ही? ते प्लास्टिकचे धागे आहेत, केसाहून बारीक. ओढणाऱ्याच्या छातीत जाणारं विष अडवायला बसवलेलं बूच. बरं, अडवलं, मग अडवलेलं विष गेलं कुठे? ते बुचातच बसलंय. माणूस टिचकी मारून ते फेकतो आणि समजतो, संपलं. तिथून तर सुरू होतं! ते गटारात जातं, गटारातून ओढ्यात, आणि चहाची पत्ती उकळावी तसं पोटातलं सगळं पाण्यात सोडतं. शेवटी धागे सुटे होतात आणि तेही माशांच्या पोटात जातात. आपल्या गावात पायाखाली माती कमी आणि थोटकं जास्त आहेत.

म्हणून मी गप्प बसलेले नाही. गेल्या महिन्यापासून घरोघरी, दुकानापुढे, बसथांब्यावर बरण्या ठेवल्यात. थोटूक खाली टाकायचं नाही, बरणीत टाकायचं. दर रविवारी सगळ्या बरण्या वाचनालयात येतात. लांबच्या एका कारखान्यात या बुचांच्या फळ्या बनतात, बसायचे बाक होतात. त्यांची अट एकच, माल धुतलेला हवा, वास नको. मग आमच्या शिवणवालीने पुढाकार घेतला. मागच्या अंगणात पिंपं मांडून बायका तीन पाण्यांनी धुतात. पहिलं पाणी काळं, दुसरं पिवळं, आणि तिसरं काचेसारखं. ते तिसरं पाणी बरणीत भरून मी सभेत वर धरते, तेव्हा टाळ्या थांबत नाहीत. ठके, हे सगळं तुझ्या माशांसाठीच चाललंय असं समज.

राहता राहिला रंगारी. तो दिसेल तिथे मला बघून ओरडतो, "भोंगा आला, कान झाका!" आणि माझ्या समोर, मुद्दाम, पेटतं थोटूक ओढ्यात टाकतो. कापड रंगवून उरलेलं पाणी तो कुठे सोडतो, हे मी आता बघते.

तुझी आत्या


१६ मार्च

आत्या,

आज पुन्हा. अर्धी टाकी गेली.

आज एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक वेळी सोमवार होता. मागच्या दोन्ही टाक्यासुद्धा सोमवारीच गेल्या. मंगळवारी पाणी बरं असतं, शनिवारी उरलेली पिल्लं खायला वर येतात, मला बघून गोळा होतात, आणि सोमवारी मरतात. रोगाला वार कळत नाही, आत्या. वार माणसाला कळतो.

म्हणजे कुणीतरी रविवारी ओढ्यात काहीतरी ओततंय. दर रविवारी, न चुकता. ते माणूस मला ओळखतं का? माझं त्याने काय बिघडवलंय, म्हणजे मी त्याचं? बघ, धड लिहिताही येत नाहीये. झडपेशी कुणी उभं आहे असं सारखं वाटतं. खोलीचं दार लावून घेते आणि मग वाटतं, बाहेर काय चाललंय ते आता दिसणारही नाही, म्हणून परत उघडते.

झडप बंद ठेवावी तर टाकीतलं पाणी एका दिवसात सडतं. उघडावी तर हे. माशांना पाणी द्यायचं काम माझं, आणि आता पाणी द्यायचीच भीती वाटते.

रविवारी तिथे काय होतं गं?

ठकी


१८ मार्च

ठके,

रविवार! शाबास! तू चोर पकडलास. रंगाऱ्याची शेड रविवारी बंद असते, आणि बंद असते म्हणजे काय, तर आठवड्याची भांडी त्याच दिवशी धुतली जातात. मी काल त्याच्या फाटकात उभी राहून विचारलं. म्हणतो, "बाई, माझं पाणी वाळूच्या खड्ड्यांतून गाळून जातं. शेवटच्या खड्ड्यात मी मासे पाळलेत. या, दाखवतो." मासे पाळलेत म्हणे! मी आत पाऊल टाकलं नाही. असल्या माणसांच्या खड्ड्यांत मी उतरत नसते.

काल कुणीतरी त्याच्या खिडकीची काच फोडली. हे बरं झालं नाही, मी तसं सभेत सांगितलंही. पण लोकांचा राग खोटा नाही, एवढंही सांगितलं.

आता ऐक. २९ तारखेच्या रविवारी चौकात मोठी सभा घेतेय. टेबलावर काचेच्या दोन बरण्या असतील. एकीत रंगाऱ्याच्या नळीतून आणलेलं पाणी, दुसरीत आमचं तिसरं पाणी. दोन्हींत तुझी बोटुकली सोडायची. मग भाषण करायची गरजच उरणार नाही, मासेच बोलतील. आणि शेवटी आमच्या बरणीतलं पाणी पेल्यात ओतून मी सगळ्यांसमोर पिणार. लोकांनी बघू दे, घाण हातात घेऊन ती इतकी स्वच्छ करता येते.

थोडी बोटुकली दूधवाल्याच्या छोट्या किटलीत पाठव. येत्या रविवारी शेजारच्या वस्त्यांचीही थोटकं येणार आहेत, पोतीच्या पोती. सगळी धुऊन काढतो. तू धीर धर.

तुझी आत्या


२४ मार्च

आत्या,

काल सकाळी जाळी उचललीच नाही. नुसती उभी राहिले. वास मात्र आधीच आला होता.

मूठभर पिल्लं वाचली. ती खोलीत कपडे धुवायच्या टबात, विहिरीच्या पाण्यात ठेवलीत. तिथे जगताहेत. टाकीचा पंप टबाला लागत नाही, तेव्हा पाण्याला हवा मिळावी म्हणून तांब्याने पाणी उपसून वरून सोडत बसते. हात थांबला की ती वर येऊन तोंड उघडतात.

दुपारी शेजारणीला तांब्यापाशी बसवून ओढ्याच्या काठाने वर चालत गेले. रंगाऱ्याच्या शेडपर्यंत बेडूक मेलेले होते. मला वाटलं, शेड ओलांडली की पाणी चांगलं लागेल. तसं झालं नाही. शेडच्या वरही मेलेले होते. तिथून मी पुढे आले नाही. तुझ्या वाचनालयाची मागची भिंत दिसत होती. तू खिडकीत असशील असं वाटलं आणि परत फिरले.

तू मागितलीस म्हणून बोटुकली पाठवतेय, किटलीत पाणी विहिरीचं आहे. आत्या, एक विचारू? ती पिंपं उपडी करता तेव्हा पाणी कुठे जातं?

आणि ते पाणी पिऊ नकोस. कारण भेटल्यावर सांगेन.

ठकी


२६ मार्च

ठके,

तू लहानपणीही अशीच. पोहायला उतरायच्या आधी तुला विहिरीचा तळ बघायचा असायचा. तळ दिसत नाही म्हणून रडायचीस, आणि मी ढकलल्यावर मस्त पोहायचीस.

पाणी कुठे जाणार? मोरीत. मोरी ओढ्याला मिळते, तुला माहीतच आहे, तिथे तू कागदाच्या होड्या सोडायचीस. अगं, ते धुतल्याचं पाणी. विष तर आम्ही काढून टाकलं ना! शेडच्या वरचे बेडूक मेले असतील तर रंगाऱ्याची दुसरी नळी वर असणार. या माणसाला मी आज ओळखत नाही.

बोटुकली पोचली. टेबलावर ठेवलीत. काय चपळ आहेत! बरणीला नाक लावलं की समोर येतात. शिवणवाली म्हणाली, यांना नावं ठेवू या. मी म्हटलं, लढाईला निघालीत ती, नावं नंतर.

पाणी मी पिणार. हजार माणसांसमोर शब्द दिलाय. तू काळजी करणं सोड आणि जमलं तर ये.

तुझी आत्या


२८ मार्च

आत्या, पिऊ नकोस.

मागच्या पत्रात सरळ लिहिलं नाही, ही माझी चूक. धीर झाला नाही. आता लिहिते.

आमच्या मालकांच्या गड्यांकडून थोटकं गोळा केली. तू सांगतेस तशी धुतली. पहिलं पाणी फेकलं, दुसरं फेकलं, तिसरं काचेसारखं आलं, वासही नव्हता म्हणण्याइतका. त्यात एक बोटुकली सोडली. आधी ती नेहमीसारखी फिरली. मग वर आली, तोंड बाहेर काढलं, ताठ झाली, आणि गोल फिरायला लागली. दोरीने ओढल्यासारखी. आत्या, तेच दुखणं. तिसऱ्या पाण्यात हे, तर पहिलं पाणी काय असेल? आणि तुम्ही दर रविवारी तिन्ही पाणी ओतता.

विष तुम्ही काढलंत, हे खरं आहे. काढून ओढ्यात दिलंत. गावभर विखुरलेलं होतं ते एका जागी आणलंत, पिळलंत आणि एकाच दिवशी सोडलंत. तुझ्यासारखी माणसं नसती तर ते थोडं थोडं आलं असतं. तेही वाईटच होतं. हे त्याहून वाईट आहे.

मी स्वतः धावत आले असते, पण शेजारीण आज नाही आणि तांब्या खाली ठेवला तर ही उरलेलीही जातील. हे पत्र उद्या सकाळी दूधवाला तुझ्या हातात देईल. मी त्याला शपथ घातलीय. पत्र वाचल्याशिवाय चौकात जाऊ नकोस. राग धर, मला कायमची बोलू नकोस, पण पेल्याला तोंड लावू नकोस.

ठकी


३० मार्च

ताई,

तुमची-माझी ओळख नाही. मी रंगारी, ओढ्याकाठची शेड माझी. तुमच्या आत्याबाईंनी लिहायला सांगितलंय. त्यांचा हात अजून थरथरतो, पेन धरवत नाही. आधी हे सांगतो की त्या धोक्याबाहेर आहेत, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही.

दूधवाल्याने तुमचं पत्र आणलं तेव्हा बाई मंचाची पायरी चढत होत्या. तो ओरडत होता, "आधी वाचा, आधी वाचा!" पण त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. त्यांनी हसून पत्र पिशवीत टाकलं.

मी गर्दीत मागे उभा होतो. पळून गेलो असतो तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं. बाईंनी दोन्ही बरण्यांत एकेक मासा सोडला आणि बोलायला लागल्या. बोलतात छान, हे शत्रूनेही मान्य करावं. माझं नाव न घेता त्यांनी मला असं सोललं की शेजारचा माणूस माझ्यापासून दोन पावलं सरकला. पण त्यांचं भाषण लांबतं, हे काल कामी आलं. माझ्या लालसर पाण्यातला मासा फिरत राहिला. त्यांच्या स्वच्छ पाण्यातला वर आला, थडथडला आणि आडवा झाला. पुढच्या रांगेत बसलेल्यांनी बघितलं आणि गप्प झाले. ती शांतता मागे मागे येत गेली. बाईंची पाठ बरण्यांकडे होती आणि शांतता त्यांना ऐकू येत नाही. त्यांना वाटलं, लोक भारावलेत.

मग त्या वळल्या. मासा बघितला. ताई, मी त्यांचा चेहरा बघितला. मला वाटलं, आता थांबतील. पण हजार माणसं बघत होती. त्यांनी पेला भरला आणि तोंडाला लावला.

मी कसा पोचलो आठवत नाही. पेला हिसकावला तोवर दोन घोट गेले होते. लोकांना वाटलं, मी बाईंवर धावलो. चार हात माझ्यावर पडले, कपाळाला टाके आहेत, ते असो. मला सोडवलं ते बाईंनीच. ओकत होत्या, उभं राहता येत नव्हतं, घाम फुटला होता, तरी माझ्यावर आडव्या पडून ओरडत होत्या, "हा नाही! हा नाही!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पत्र मागितलं. मी वाचून दाखवायला लागलो तर हातातून काढून घेतलं. खूप वेळ वाचलं.

त्यांचा निरोप असा: येऊ नकोस, मासे सोडू नकोस. वाचनालयातली पिंपं मोडायला सांगितलीत. न धुतलेली पोती कोरडीच माझ्या शेडमध्ये पत्र्याखाली ठेवलीत, फरशीवर, ओढ्यापासून लांब. पोत्यांचं पुढे काय करायचं ते मलाही माहीत नाही, बाईंनाही नाही. जाळता येत नाही, पुरता येत नाही, धुता तर नाहीच. पण येत्या रविवारी धुणं होणार नाही. बाई म्हणतात, झडप उघड.

आणि हो, सिगारेट मीच ओढायचो ना समोर. सध्या बंद आहे. बघू.

रंगारी


२ एप्रिल

आत्या,

आवाज कसा आहे? हाताची थरथर थांबली का? रंगारीकाकांनी सगळं लिहिलं. ते वाचताना एकदा तांब्या हातातून निसटला.

तू सांगितलंस म्हणून काल झडप उघडली. उघडताना डोळे मिटून घेतले होते. मूठभर पिल्लं टबातून टाकीत सोडली. एवढ्या मोठ्या टाकीत ती दिसतसुद्धा नाहीत, शोधावी लागतात. मालकांना म्हटलं, एक सोमवार थांबा. ही जगली तर पुढच्या महिन्यात माशांचं नवीन बीज आणू. ते म्हणाले, "एकच सोमवार."

विहिरीला पाणी उरलेलं नाही, म्हणून आता ओढ्याशिवाय आधार नाही. रविवारचं नक्की ना? तुझ्यावर विश्वास आहे. तरीही विचारते.

ठकी


५ एप्रिल, रविवार

ठके,

झडप बंद कर. आधी झडप बंद कर, मग पुढचं वाच.

दवाखान्यातून सुटल्यापासून मी दारोदार फिरतेय, भोंग्याशिवाय. थोटकं पाण्यापासून लांब ठेवा, धुऊ नका, धुतल्याने विष मरत नाही, फक्त जागा बदलतं. मुळात हे बूचच बनू नये, विकलं जाऊ नये, यासाठी आता भांडायचंय. लोक मान डोलावतात आणि म्हणतात, "बाई, तब्येत सांभाळा." त्यांना वाटतं, मी आजारपणात बरळतेय. मागच्या महिन्यात जे मोठ्या आवाजात सांगितलं ते त्यांच्या कानात घट्ट बसलंय, आणि या महिन्यात शेजारी बसून सांगितलेलं आत जात नाही. रोज सकाळी वाचनालयाच्या पायरीवर बरण्या असतात. कुणीतरी प्रेमाने ठेवून जातं.

तू आधी सरळ का लिहिलं नाहीस, हे विचारणार होते. मग माझंच उत्तर आठवलं, विहिरीत ढकलल्याचं, अभिमानाने लिहिलेलं. माझ्याशी सरळ बोलायची सोय मी कुणासाठी ठेवली होती? तुला तेव्हा तळ बघायचा होता. बरोबर होतीस.

आता कामाचं. शिवणवाली आज आली नाही म्हणून तिच्या घरी गेले. अंगणात नवीन पिंपं. शेजारच्या वस्तीची पोती तिने परस्पर घरी नेलेली. मला बघून हसली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तुमचं काम तुमच्या आजारपणात थांबू दिलं नाही, बाई. सकाळपासून आम्ही सगळ्या बसलोय. बघा, तिसरं पाणी कसं आलंय." दोन पिंपं रिकामी होती. तिची मोरी आमच्याच मोरीला मिळते.

मी ओरडले. किती मोठ्याने ते मला ऐकू आलं नाही, पण तिच्या हातातून तपेली पडली.

बाकीची पिंपं अडवायला मी इथे थांबते. मी हलले तर त्या पुन्हा ओततील, काम पुरं करायच्या चांगुलपणाने. पत्र रंगाऱ्याच्या हाती देतेय. टेम्पो चालू करून तो दारात उभा आहे, घाई करतोय. रस्ता पुलावरून वळसा घालून येतो, ठके.

पाणी सरळ येतं.

आत्या